शिवणकाकूंचं दार

हे खरं घडलेलं आहे. पटत नसेल त्यांनी इथेच थांबावं, माझी काही हरकत नाही.

यातलं काहीही मी रंगवून सांगणार नाही. ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावशी, आणि तिला तिखटमीठ लावलेलं अजिबात खपत नाही. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला तिने. नकाशात एक नदी चुकली तर अख्खा नकाशा पुन्हा काढायला लावायची.

भूत म्हटलं की लोकांना मध्यरात्र हवी, घुबड हवं, पडकी विहीर हवी. इथे तसलं काही नाही. हे भर दुपारी घडलं, नव्याकोऱ्या इमारतीच्या तळमजल्यावर, ट्यूबलाइटच्या लख्ख उजेडात.

आधी थोडं मागचं सांगते.

काचेच्या कारखान्यामागे एक गल्ली होती. बैठी घरं, भिंतीला भिंत. मावशी तिथेच राहायची. पुढे ती गल्ली पाडली आणि त्या जागेवर सात मजली इमारत उभी राहिली. गल्लीतले सगळेच तिच्यात राहायला आले. एक शिवणकाकू सोडून.

शिवणकाकू मावशीच्या शेजारच्या. एकट्याच. गल्लीतल्या सगळ्या पोरांचे शाळेचे गणवेश त्या शिवायच्या. माप घ्यायची त्यांची एक तऱ्हा होती. पोराला घराच्या दाराला पाठ लावून उभं करायचं, डोक्यावर पट्टी ठेवायची आणि दारावर पेन्सिलने रेघ मारायची. शेजारी नाव लिहायचं. दरवर्षी नवी रेघ. दाराची आतली बाजू या रेघांनी भरून गेली होती.

सुट्टीत आले की मलाही तिथे उभं करायच्या. माझ्याही तीन रेघा आहेत त्यात.

त्यांच्या बोटात कायम अंगुस्तान असायचं. सुई टोचू नये म्हणून घालतात ती धातूची टोपी. ते काढायला विसरायच्या आणि तसंच कुणाचंही दार वाजवायच्या. टक्... टक्... अख्खी गल्ली ओळखायची. काकू आल्या.

घर सोडायला त्या तयार नव्हत्या. गल्ली पाडायच्या कागदावर सगळ्यांनी सह्या दिल्या, यांनी नाही दिली. मग एक दिवस त्यांना पालिकेच्या ऑफिसात बोलावणं आलं. शेवटचं म्हणणं ऐकून घेतो म्हणाले. काकू गेल्या. दिवसभर बाकावर बसवून ठेवलं आणि साहेब आज नाहीत असं सांगून परत पाठवलं.

परत येऊन बघतात तर घराला सील.

मशीन आत. बेतलेलं कापड आत. चष्मा आत.

काकूंनी कुणाशी भांडण केलं नाही. आपल्याच बंद घरासमोर उभ्या राहिल्या आणि दार वाजवायला लागल्या. आत कुणी नव्हतं. तरी वाजवत राहिल्या, पार अंधार पडेपर्यंत. गल्ली खिडक्यांतून बघत होती. पाणी विचारायलासुद्धा कुणी बाहेर पडलं नाही. चार दिवसांनी कुठल्याशा दवाखान्यात त्या वारल्या.

मावशी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला परगावी होती. तिला हे सगळं नंतर कळलं, तेही तुकड्यातुकड्यांनी.

आता संग्रहालयाचं.

नव्या इमारतीच्या तळमजल्यावर एक हॉल रिकामा होता. 'आपल्या गल्लीची आठवण' म्हणून तिथे छोटं संग्रहालय करायचं ठरलं. कल्पना मावशीची. अध्यक्ष मात्र सोसायटीचे अध्यक्ष. हे तेच गृहस्थ, ज्यांनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या. आता तेच माइक हातात घेऊन गहिवरायचे. वारसा हा शब्द त्यांच्या तोंडात नुसता घोळत असायचा.

लोकांनी वस्तू दिल्या. वाण्याने तागडी दिली. न्हाव्याने खुर्ची दिली. गल्लीच्या तोंडाशी असलेला दिव्याचा खांबही मिळाला. आणि अध्यक्षांनी स्वतः गोदामातून काढून आणलं, शिवणकाकूंचं दार. चौकटीसकट. घर पाडताना म्हणे त्यांनीच ते वाचवलं होतं.

घर नाही वाचवलं. दार वाचवलं.

सुताराने ते दार हॉलच्या भिंतीवर बसवलं. रेघांची बाजू लोकांना दिसायला हवी, म्हणून आतली बाजू हॉलकडे. बाहेरची बाजू भिंतीकडे. पल्ला हलू नये म्हणून त्याने कडी लावून टाकली.

खाली पाटी लावायची होती. मावशीने मजकूर लिहून दिला. काकू ऑफिसात असताना घराला सील लावलं, त्या अंधार पडेपर्यंत दार वाजवत राहिल्या, कुणी आलं नाही. सरळ, भूगोलाच्या उत्तरासारखं.

छापून आली ती पाटी अशी: 'शिवणकाकूंनी गल्लीला प्रेमाने दिलेली भेट.'

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे कुणी बदललं?"

"अहो बाई," अध्यक्ष हसत म्हणाले, "उद्घाटनाला पाहुणे येणार. पोरंबाळं येणार. कशाला उगाच कडू आठवणी? आणि तुम्ही तर तेव्हा इथे नव्हताच. तुम्हाला काय माहीत नक्की काय झालं?"

हे शेवटचं वाक्य तिला लागलं. कारण ते खरं होतं.

"मी नव्हते, पण बाकीचे होते ना," ती म्हणाली. "एकाने जरी सांगितलं तरी पाटी बदलाल?"

"एकाने जरी सांगितलं, तरी!"

मावशी फोन घेऊन घरोघर निघाली. संग्रहालयासाठी लोकांच्या आठवणी ती फोनवर रेकॉर्ड करतच होती. आता प्रत्येकाला एकच प्रश्न. काकूंच्या दाराला सील लावलं तो दिवस आठवतो का?

वाणी म्हणाला, "मी बहुतेक बाहेरगावी होतो."

न्हावी म्हणाला, "एवढं मागचं कुठे लक्षात राहतं?"

कंपाउंडर म्हणाला, "माझं डोकंच हल्ली चालत नाही हो बाई." याच कंपाउंडरला शाळेतल्या फुटबॉलच्या सामन्यात कुणी कितवा गोल मारला ते तोंडपाठ होतं.

एकूण एक तसंच. आठवणींचं संग्रहालय, आणि आठवत कुणालाच नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, मावशी हॉलमध्ये एकटी बसून ती रेकॉर्डिंग ऐकत होती. कानाला इअरफोन.

वाण्याचा आवाज. "मी बहुतेक..."

आणि त्यामागे, अगदी बारीक...

टक्... टक्...

तिला वाटलं, वाण्याच्या घरात काहीतरी पडलं असेल. तिने पुढचं लावलं. न्हावी. "एवढं मागचं कुठे..."

टक्... टक्...

कंपाउंडर.

टक्... टक्...

वेगवेगळी घरं. वेगवेगळे दिवस. आवाज तोच. धातूचा. आणि प्रत्येक वेळी 'आठवत नाही' म्हणायच्या आधी.

मावशीने इअरफोन काढले.

हॉल शांत होता. पंखासुद्धा बंद.

आणि मग...

टक्... टक्...

या वेळी फोनमधून नाही.

भिंतीवरच्या दारातून.

"सुतारदादा?" तिने हाक मारली. उत्तर नाही. ती बाहेर गेली, इमारतीला वळसा घालून त्या भिंतीच्या मागच्या बाजूला पोचली. तिथे पार्किंग. एक बंद पडलेली मोटार आणि धूळ. चिटपाखरू नाही. धुळीत तिच्या स्वतःच्याच चपलांचे ठसे.

ती परत आत आली आणि दारासमोर उभी राहिली. रेघा बघितल्या, नावं बघितली. मग नजर कडीवर गेली.

कडी तिच्या बाजूला होती.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. दाराची आतली बाजू हॉलकडे. म्हणजे हा हॉल आता काकूंचं घर झाला होता. वाण्याची तागडी, न्हाव्याची खुर्ची, अध्यक्षांचा माइक, सगळे घरात. घराला आतून कडी.

आणि काकू... बाहेर.

अजून बाहेरच.

मावशी दगडाच्या काळजाची नाही, पण घाबरटही नाही. तरी त्या दुपारी तिचा हात कडीपर्यंत गेला नाही. ती हे मला सांगते तेव्हा अजून मान खाली घालते. पर्स उचलली आणि सरळ घरी आली.

संध्याकाळी अध्यक्षांना फोन केला. "दार उलटं बसलंय. फिरवून घ्या."

"उलटं कसं? रेघा दिसतायत की!"

"बाहेरची बाजू लोकांना दिसू दे."

अध्यक्ष म्हणाले, "त्या बाजूला बघण्यासारखं काही नाहीये, बाई." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. फीत कापली. टाळ्या झाल्या. म्हातारी माणसं आपापल्या वस्तूंजवळ उभी राहून नातवंडांना दाखवत होती. पोरं दारावर आपल्या आईबापांची नावं शोधून खिदळत होती.

अध्यक्षांनी माइक घेतला. गल्ली म्हणजे एक कुटुंब होतं वगैरे झालं. मग दाराकडे हात केला. "आणि हे दार. आपल्या लाडक्या शिवणकाकूंनी प्रेमाने..."

टक्... टक्...

अध्यक्ष थांबले.

हॉलमधली कुजबुज थांबली.

टक्... टक्... टक्...

मावशीने माणसांच्या तोंडाकडे बघितलं. वाणी जमिनीकडे बघत होता. न्हाव्याने बायकोचा हात धरला होता. कंपाउंडरचे ओठ थरथरत होते. ज्यांना काही आठवत नव्हतं, त्यांतल्या प्रत्येकाने तो आवाज ओळखला होता.

"आजोबा, कोण वाजवतंय?" एका नातीने विचारलं.

आजोबा म्हणाले, "कुठे काय? गप्प बस."

अध्यक्ष सावरले. घाम पुसला आणि हसले. "वा! साउंड इफेक्ट छान ठेवलाय आपल्या बाईंनी!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुटल्यासारख्या, जोरजोरात. तो आवाज बुडेपर्यंत.

मावशी मला म्हणाली, "मला भुताची भीती वाटली नाही गं. त्या टाळ्यांची वाटली."

ती उठली. गर्दीतून वाट काढत दारापाशी गेली. अध्यक्ष "बाई, बाई" म्हणेपर्यंत तिने कडी काढली आणि दार ओढलं.

मागे नुसती भिंत. पांढरा रंग.

कुणी नाही.

लोकांनी श्वास सोडला. कुणीतरी हसलंही.

पण दार उघडलं तशी त्याची दुसरी बाजू हॉलकडे वळली होती. बाहेरची बाजू. जुना हिरवा रंग, सीलची वाळलेली लाख... आणि हात पोचेल त्या उंचीवर बारीक बारीक खळगे. शेकडो. अंगुस्तानाच्या टोकाएवढे.

बहुतेक जुने, काळे पडलेले.

पण काही...

काही अगदी ताजे. आतलं लाकूड पिवळंधमक. त्यातून अजून भुसा गळत होता, खाली फरशीवर.

हसू थांबलं.

"आता सांगा," मावशी म्हणाली. "कुणीही एकाने सांगा. काय झालं होतं त्या दिवशी?"

वाण्याने नातवाचा हात धरला आणि तो हॉलबाहेर पडला. त्याच्यामागे न्हावी, मग कंपाउंडर. हळूहळू सगळा हॉल रिकामा झाला. एकानेही तोंड उघडलं नाही. अध्यक्षांनी पुढे होऊन दार लोटलं आणि कडी लावली. ते तिच्याकडे बघत नव्हते.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिली नसती.

गेल्या महिन्यात मी मावशीकडे राहायला गेले. घरात शिरले आणि सवयीने मागे दार लावून कडी घातली. मावशी उठली, कडी काढली, दार सताड उघडं ठेवलं.

"राहू दे. काकूंना परत बाहेर उभं राहायला नको."

संध्याकाळी आम्ही चहा पीत बसलो होतो. वरच्या मजल्यावर अध्यक्ष राहतात. जिन्यातून आवाज आला...

टक्... टक्...

लगेच वरचा टीव्ही मोठा झाला. मग आवाज एक मजला खाली आला. समोर वाणी राहतो. त्याच्या दारासमोर मला कुणी दिसलं नाही. पण टक्... टक्... आणि त्याचाही टीव्ही मोठा झाला.

"रोज?" मी विचारलं.

"रोज. सगळ्यांकडे. आणि कुणी कुणाला विचारत नाही. ऐकू येतं म्हणायचं, तर आधी आठवतं म्हणावं लागेल ना."

"तुझ्याकडे?"

मावशीने उघड्या दाराकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले.

"माझ्याकडे नाही येत. एवढं दार उघडं ठेवते, तरी नाही. त्या दिवशी मी तिथे नव्हते, हेच बहुतेक काकूंच्या लक्षात राहिलंय."

मग तिनेच विचारलं, "तुला आत्ता ऐकू आलं ना?"

"आलं."

"मग सांग कुणाला तरी. माझं कुणी ऐकत नाही."

म्हणून हे लिहिलं.

निघताना हॉल लागला. पाहुणे आले होते, फोटो काढत होते. काकूंच्या दारापाशीही गर्दी होती. पाटी तीच, प्रेमाची भेट. तिच्या खाली एक नवी पाटी: 'कृपया हात लावू नये.'

मी माझ्या रेघा शोधल्या. तिन्ही होत्या.

मग कडीकडे बघितलं. तिला आता कुलूप घातलं होतं.