तीस नंबर फलाटावरचं बाकडं

ही गोष्ट मी रचलेली नाही. जिच्या बाबतीत घडली ती क्षितिजा, माझी नागपूरची, कॉलेजपासूनची मैत्रीण. शेवटचा भाग तर मी स्वतः तिच्या शेजारी बसून अनुभवलाय. कोणी विश्वास ठेवावा असा आग्रह नाही. खरं सांगायचं तर मलाच तो ठेवायचा नाहीये.

तारीख २९ ऑगस्ट २०२१. रविवार. मेलबर्नमधलं ग्लेन वेव्हर्ली.

रात्र-बित्र नव्हती. दुपारचे अडीच वाजले होते आणि खिडकीत छान ऊन आलं होतं.

सहावा लॉकडाऊन चालू होता. पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, नऊनंतर बाहेर पडायचं नाही. रस्त्यावर चिटपाखरू नाही. क्षितिजाचा नवरा प्रितम रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला, म्हणून त्याच्याकडे परमिट होतं. तो सकाळीच ट्रेनने शिफ्टला गेला होता.

क्षितिजा घरात एकटी होती.

तिने लॅपटॉप उघडला. चार महिन्यांत पहिल्यांदाच तिने तो व्हिडिओ लावला.

क्योटो स्टेशनचा व्हिडिओ.

आता हा व्हिडिओ काय होता ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

क्षितिजाचे वडील शिवराम. रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून रिटायर झालेले. कडक माणूस. घरात बाबासाहेबांचा फोटो, बुद्धांची मूर्ती आणि भिंतीवर रेल्वेचं घड्याळ. भूतखेत, अंगारे-धुपारे यांचं नाव काढलं तर हाकलून द्यायचे. आणि खोटं? पंचशीलातलं चौथं शील त्यांनी आयुष्यभर पाळलं. "उशीर झाला तर झाला म्हण. पण येऊन राहिली म्हणालीस, तर आलीच पाहिजे."

त्यांचा आणखी एक नियम होता. तीन गाड्यांचा.

स्टेशनवर कोणाची वाट बघायची तर तीन गाड्या बघायच्या. जागा सोडायची नाही. तिसरीतूनही माणूस उतरलं नाही, तर मग आपण निघायचं त्याला शोधायला.

हा नियम नुसता बोलायचा नव्हता. क्षितिजा बारावीत असताना हॉस्टेलवरून घरी यायला निघाली आणि मैत्रिणींसोबत पिक्चरला गेली. मोबाईल नव्हते तेव्हा. शिवरामकाकांनी तीन गाड्या बघितल्या. मग एका मालगाडीच्या गार्डच्या डब्यात बसून हा माणूस ऐंशी किलोमीटर गेला आणि रात्री हॉस्टेलच्या दारात हजर. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "सापडली. चल, जेव आता."

ती हे सांगून आम्हाला हसवायची. तेव्हा हसू यायचं.

एप्रिल २०२० ला बापलेक दोघं जपानला, क्योटोला जाणार होते. जुनी बौद्ध मंदिरं, लाकडी पॅगोडा, सगळं ठरलं होतं. पण काकांना खरी ओढ होती स्टेशनची. "विहार तू दाखव मले. पण आधी स्टेशन बघू दे." ते नागपूरहून येणार, ती मेलबर्नहून. एअरपोर्टची गाडी जिथे थांबते त्या तीस नंबरच्या फलाटावर भेटायचं.

मग कोरोना आला. तिकिटं गेली.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी दोघं तो व्हिडिओ बघायचे. इकडे ती, तिकडे ते, मध्ये व्हिडिओ कॉल. कोणीतरी २०१९ साली नुसतं चालत चालत काढलेला. आधी तो प्रचंड जिना आणि काचेचं छत, मग एअरपोर्टची गाडी फलाटाला लागते, माणसं उतरतात. चौदाव्या मिनिटाला फलाटावरचं एक रिकामं बाकडं दिसतं. मागे कोल्ड्रिंकचं मशीन.

"हे माझं बाकडं," काका म्हणायचे. "तू उतरली की समोरच दिसन मी."

असे पन्नासेक रविवार गेले असतील.

एप्रिल २०२१ मध्ये काका हॉस्पिटलमध्ये गेले. दुसरी लाट. इकडून जायला परवानगी नाही, विमान नाही. तेवीस तारखेला नर्सने त्यांच्यासमोर फोन धरला. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे कुठेतरी भलतीकडेच.

"बसली का गाडीत, माय?"

क्षितिजाला कळलं, ते क्योटोत पोचलेत.

तिला रडू आवरेना.  तिच्या तोंडून निघून गेलं, "हो बाबा. बसलेय. तुम्ही बाकड्यावरच थांबा. मी येतेय."

काका हसले. मान हलवली.

तासाभराने ते गेले.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे दिवसकार्याचा कार्यक्रम झूमवर झाला. भन्तेजींच्या मागोमाग सगळे पंचशील म्हणत होते. चौथं शील आलं आणि क्षितिजाने स्वतःला म्यूट केलं. तिला ते म्हणताच येईना. आयुष्यात ती त्यांच्याशी एकदाच खोटं बोलली होती आणि तेच शेवटचं ठरलं.

तर त्या रविवारी तिने व्हिडिओ लावला.

गाडी आली. दारं उघडली. तेरा मिनिटं... साडेतेरा...

बाकडं दिसलं.

त्यावर कोणीतरी बसलं होतं.

तपकिरी स्वेटर. मांडीवर कापडी पिशवी. आईने विणलेला स्वेटर होता तो, आणि उजव्या कोपरावर हिरव्या लोकरीचं ठिगळ. ते ठिगळ क्षितिजानेच लावलं होतं, शाळेत असताना.

माणूस कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. गाडीच्या दारांकडे बघत होता. एकेक दार... पुढून मागपर्यंत...

आणि लॅपटॉपमधून आवाज आला. स्टेशनची घोषणा चालू होती, तिच्याखाली, अगदी जवळून.

कर्र... कर्र...

थर्मासचं झाकण. काकांच्या जुन्या थर्मासचं झाकण फिरवलं की तसंच वाजायचं.

गाडी सुटली. माणसाने एक बोट दुमडलं.

क्षितिजाने लॅपटॉप धाडकन मिटला.

संध्याकाळी प्रितमने तोच व्हिडिओ लावला. चौदाव्या मिनिटाला बाकडं रिकामं होतं. दोनदा बघितला. रिकामं.

"क्षितू, तू चार महिने धड झोपली नाहीयेस," तो म्हणाला. "डॉक्टरशी बोलू या का?"

ती बरं म्हणाली. आणि पुढच्या रविवारी, तो शिफ्टला गेल्यावर, तिने परत लावला.

काका होते.

गाडी आली. त्यांनी दारं न्याहाळली. कोणी उतरलं नाही म्हणजे त्यांचं माणूस उतरलं नाही. गाडी सुटली आणि दुसरं बोट दुमडलं गेलं.

तेव्हा कुठे क्षितिजाच्या डोक्यात प्रकाश पडला. ते मोजत होते.

त्या रात्री तिने मला सिडनीला फोन केला. मी वेंटवर्थव्हिलला राहते. "लीना, एकच गाडी राहिलीय गं."

"बघूच नकोस ना मग. डिलीट कर ती लिंक."

"मी नाही बघितलं तर ते काय करतील? तसेच बसून राहतील? एकटे?"



तिने ठरवलं, तिसऱ्या वेळी खरं सांगून टाकायचं. बाबा, मी खोटं बोलले. मी गाडीत नव्हते, मी येणार नाहीये, तुम्ही जा. एवढंच. चार वाक्यं. तिने ती कागदावर लिहून काढली होती.

१२ सप्टेंबर. दुपारचे अडीच.

गाडी आली. दारं उघडली. काका उठून उभे राहिले होते. थकले होते. एका हाताने बाकड्याची पाठ धरली होती आणि मान उंचावून बघत होते.

क्षितिजा म्हणाली, "बाबा..."

काकांनी चमकून मान वळवली. आवाज आला होता त्यांना. पण कुठून ते कळत नव्हतं. ते इकडे बघत होते, तिकडे बघत होते, आणि चेहऱ्यावर इतका आनंद होता...

कागद तिच्या हातात होता.

"येतेय बाबा," ती म्हणाली. "आलेच."

हे सांगताना ती मला म्हणाली, तो चेहरा बघून तू तरी दुसरं काय बोलली असतीस?

गाडी सुटली. काकांनी तिसरं बोट दुमडलं. कॅमेरा पुढे गेला. तिने व्हिडिओ मागे घेतला.

बाकडं रिकामं.

पिशवी नाही. थर्मास नाही. पुन्हा लावला, पुन्हा लावला... रिकामंच.

तिला वाटलं, सुटले. ती टेबलावर डोकं ठेवून पोटभर रडली. मग चहा ठेवला.

चार वाजता प्रितम घरी आला. बूट काढता काढता नेहमीसारखं बोलत होता.

"आज अख्ख्या डब्यात दोघंच. मी आणि पुढच्या सीटवर एक आजोबा. पाठमोरे होते. लॉकडाऊनमध्ये या वयात कुठे हिंडतात कोण जाणे. लास्ट स्टेशन आलं, म्हटलं उतरायला मदत करावी, तर जागेवर कोणी नाही. मधे कुठे उतरले कळलंच नाही. स्वेटर बघ कसा, कोपराला हिरवं..."

तो थांबला.

एक बूट हातात तसाच राहिला. क्षितिजाने त्याच्याकडे बघितलं. त्या दिवसापासून प्रितम ट्रेनने जात नाही. कार घेऊन जातो. कारण विचारलं तर पार्किंग स्वस्त पडतं म्हणतो, जे साफ खोटं आहे.

ग्लेन वेव्हर्ली हे त्या लाइनचं शेवटचं स्टेशन. गाडी तिथून पुढे जात नाही.

राज्यांमधली बॉर्डर उघडल्यावर, डिसेंबरमध्ये मी तिला भेटायला गेले. प्रितमला सिडनीत चांगली नोकरी मिळत होती, केलीव्हिलला घरही बघून झालं होतं. क्षितिजा मेलबर्न सोडायला तयार नव्हती. त्याने मला सांगितलं, "तू समजाव. माझं ती ऐकत नाही."

रविवार होता. दुपारी ती मला स्टेशनवर घेऊन गेली. आम्ही फलाटावरच्या बाकड्यावर बसलो. ऊन होतं, दोन-तीन माणसं होती, घाबरण्यासारखं काहीच नव्हतं.

"जरा सरकून बस," ती म्हणाली. "मधे जागा सोड."

मी सरकले. का सरकले ते मला आजही सांगता येत नाही.

गाडी आली. क्षितिजा दारांकडे बघत नव्हती. ती मधल्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

"दर रविवारी येतात," ती हळूच म्हणाली. "मी शेजारी बसते, हाक मारते. बघतच नाहीत माझ्याकडे. मागच्या महिन्यात मी एक स्टेशन मागे गेले, सिंडलला. तिथून गाडीत बसून आले आणि यांच्यासमोर उतरले. तरी माझ्या मागच्या दारांकडे बघत राहिले."

"का पण?"

"ज्या गाडीत बसलेय म्हणाले, तिच्यात मी नव्हतेच ना, लीना. मग तिच्यातून उतरणार कशी?"

मी तिला म्हटलं, मग सांग ना खरं. आत्ता सांग, मी आहे इथे.

तिने पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला, उघडला, परत घडी घालून आत ठेवला.

"पुढच्या रविवारी सांगेन," ती म्हणाली.

गाडी सुटली. फलाट रिकामा झाला. मी उठायला म्हणून बाकड्यावर हात टेकला, आमच्या दोघींच्या मधे...

जागा गरम होती. कोणीतरी आत्ताच उठल्यासारखी.

आणि दुसऱ्या बाजूला, माझ्या कानाशी...

कर्र... कर्र...

मी मागे वळून बघितलं नाही. जिने चढून थेट रस्त्यावर आले. क्षितिजा अजून तिथेच बसली होती.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. क्षितिजा आणि प्रितम अजून ग्लेन वेव्हर्लीतच राहतात. मी दर रविवारी संध्याकाळी तिला फोन करते आणि एकच विचारते, सांगितलंस का.

ती म्हणते, पुढच्या रविवारी.