दोनदा उकडलेले बटाटे

“तुमचं माझ्याशी काही वैर आहे का हो?”

तिने दचकून वर पाहिलं. रक्ततपासणी केंद्रासमोरच्या खानावळीतला आचारी खांद्यावर फडकं टाकून थेट तिच्या टेबलाशी येऊन उभा होता. बाहेर सकाळपासून रिपरिप चालू होती, आणि तिच्यापुढे तळलेल्या बटाट्यांची बशी निवत पडली होती.

“चार खेपा झाल्या. मागवता आणि तशीच परत पाठवता. मीठ जास्त होतं? की... माझं तोंड आवडत नाही?”

“तोंडाचं काही नाही,” ती म्हणाली. “किडनीचं आहे.”

दर पंधरा दिवसांनी रक्त देऊन झालं की ती इथे येऊन बसायची. किडन्या जवळजवळ कामातून गेल्या होत्या. बटाट्यातलं पोटॅशियम रक्तात साचलं तर हृदयावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आईने तर धसका घेऊन घरात बटाटा आणणंच सोडलं होतं. निदान वास तरी घ्यावा, एवढीच तिची चैन! पण परक्या माणसाला हे सांगताना तिला रडू फुटलं, आणि स्वतःचाच भयंकर राग आला.

पुढच्या खेपेला त्याने न मागताच बशी आणून ठेवली. तीत मोजून सहा फोडी... फिकट, लिबलिबीत.

“समोरच्या केंद्रात जाऊन तुमच्या आहारतज्ज्ञ बाईंचं डोकं खाल्लं. बारीक चिरून दोनदा उकडले, दोन्ही वेळचं पाणी फेकलं, मग तळले. मीठ नाही. सहाच्या वर एक नाही म्हणाल्या.”

तिने एक फोड तोंडात टाकली.

“कशी आहे?”

“पुठ्ठ्यासारखी.”

“तळलेल्या पुठ्ठ्यासारखी म्हणा. मेहनत आहे त्यात!”

ती हसली. कितीतरी महिन्यांनी, अगदी पोट धरून. तो बघतच राहिला, तशी तिने मान खाली घातली. सहावी फोड तिने उगाच चिमूट-चिमूट करून पुरवली.

असा पावसाळा सरला. मग एका खेपेला ती रिपोर्टचं पाकीट घेऊन आली आणि तिने बशीला हातच लावला नाही.

“आता हेही बंद. सोमवारपासून डायलिसिस. मी... यापुढे येणार नाही.”

“बटाट्यांसाठीच येत होता?”

खोटं बोलता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

“नाही. तुमच्यासाठी येत होते. म्हणून तर सांगते — आठवड्यातून तीनदा मशीन, आणि किती वर्षं, कोण जाणे. कशाला जीव लावता मला?”

“लावता कसलं... लावून बसलोय.”

तिला उठून निघून जायचं होतं, पण ती बसूनच राहिली. मशीनची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही, की हा माणूस एक दिवस कंटाळेल. तो मात्र फडक्याला हात पुसत तसाच उभा होता. हात केव्हाच कोरडे झाले होते.

“सोबतच्या माणसाला आत सोडत नाहीत,” ती म्हणाली. “चार तास बाहेर बाकड्यावर बसावं लागतं.”

“किती वाजता यायचं?”

“सातला,” ती म्हणाली.