बाजू संपेपर्यंत

गाणं ऐकताना मी खोलीचं दार उघडं ठेवतो, याला तुम्ही पोरं हसता. हसा. मलाही कधीकधी हसू येतं. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं आणि म्हातारपणी हे! पण आपला वायरमन खोटं बोलणारा माणूस नाही. निदान मला तसं वाटतं. त्याने सांगितलं तसंच सांगतो. कुठे चुकलो तर दोष माझा.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट, नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार. रात्री सव्वानऊला तो एका दातांच्या डॉक्टरांकडे इन्व्हर्टर बसवायला गेला. लाईट गेली तरी गाणं थांबता कामा नये, एवढीच त्यांची मागणी.

त्या घरात गाण्याचा दरारा होता. रेकॉर्ड लागली की खोलीचं दार बंद. बाहेर मिक्सर नाही, फोन नाही, हाक नाही. दार वाजवणं तर नाहीच. मुलगा आईला म्हणायचा, "हळू चाल, बाबा गाण्याची दाढ काढतायत." बायकोने एकदा विचारलंही होतं, "आणि घराला आग लागली तर?"

"रेकॉर्डची बाजू संपेपर्यंत थांबायचं. वीस मिनिटांचा तर प्रश्न असतो."

ती हसली होती. पण नियम पाळायची. एका संध्याकाळी बाजू संपल्यावर डॉक्टर चहा मागायला बाहेर आले, तर ती दाराशीच पडलेली. हात दाराकडे. अंग गार. मुलगा त्यानंतर त्या घरात राहिला नाही.

ए, मध्ये बोलू नका... नाही, नाही, बोला. बोललं तरी चालेल.

तर तेव्हापासून त्या खोलीत रेकॉर्डऐवजी कॉम्प्युटरवर एकच गाणं दिवसरात्र, खंड न पडता फिरत होतं. वायरमनने खोलीत सामान मांडलं आणि म्हणाला, "डॉक्टर, मेन स्विच बंद करावा लागेल. दहा मिनिटं."

"चालू ठेवून जोड."

"मग मलाच चौघं उचलून नेतील."

डॉक्टर हसले नाहीत. "ती थांबलीय रे. गाणं संपायची वाट बघतेय. संपलं की बोलणार. काय बोलेल... मला ऐकवणार नाही."

एकटं राहून म्हातारा भ्रमलाय, असं वायरमनला वाटलं. त्याने पॅसेजमध्ये जाऊन सरळ मेन पाडला. नऊ चाळीस झाले होते. आत आला, दार लोटलं, टॉर्च लावला.

शांतता.

मग दारावर... टक. टक. टक.

हळूच. कोणाला त्रास होऊ नये अशी टकटक. आणि खालून. जमिनीपासून वीतभर उंचीवरून.

डॉक्टर उठले. दार उघडलं. पॅसेज रिकामा. पण ते मान कलती करून ऐकत राहिले. गाणं ऐकावं तसे. वायरमनने तोंड उघडलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"काय म्हणतात काकू?" शेवटी त्याने विचारलं.

"पाणी मागतेय," डॉक्टर म्हणाले. "नुसतं पाणी..."

त्यांनी टेबलावरचं भांडं उचललं. बाहेर गेले. दार मागे ओढून घेतलं.

पाच मिनिटं. पंधरा. मेन स्विच बाहेर. हाक मारायचा धीर होईना. टॉर्च मंद झाला, विझला. वायरमन अंधारात दाराला कान लावून बसला. घर इतकं गप्प, की मनगटावरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. रात्रभर... दुसरा एक आवाज नाही.

उजाडल्यावर त्याने दार उघडलं. कडी घातलेली नव्हतीच.

डॉक्टर दाराशी पडले होते. गार. उजव्या हाताची बोटं सोलवटलेली, रक्त सुकलेलं.

आणि दाराचा रंग... बाहेरच्या बाजूने, वीतभर उंचीवर... पार लाकडापर्यंत उडाला होता.