हॉर्न तुझ्याकडं

सत्यमला यातून काय मिळणार होतं, तो हिशेब आधी मांडू. जुन्या कॉम्प्युटर गेम्सची टर उडवणारा त्याचा चॅनेल बरीच वर्षं नुसता रांगत होता. एक व्हिडिओ जोरात चालला की तो उभा राहणार होता. आणि जोरात चालेल असा माल त्याच्या घरातच होता. माळ्यावर. चादरीत गुंडाळलेला.

गेलेल्या भावाचा कॉम्प्युटर.

घडलं ते खरं आहे. छत्रपती संभाजीनगरात, पुंडलिकनगरला, गेल्या मे महिन्यात. आणि रात्री नाही... भर दुपारी. नळाला पाणी यायचा दिवस होता, म्हणजे अख्खी गल्ली जागी. मोटारी चालू, बायका पाइप ओढतायत. ज्यांना विश्वास ठेवायला अमावस्या लागते, त्यांनी इथंच थांबावं.

सत्यम वाळूजच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचा. सुट्टीच्या दिवशी जुना गेम लावून त्याच्या ग्राफिक्सवर हसायचा. "हे झाड बघा मंडळी, मोतीचुराचा लाडू काडीला टोचलाय." "हा म्हणे डोंगर. समोसा आहे." लोकांना आवडायचं. लहानपणी आपण ज्याच्यासमोर आ वासून बसलो, ते इतकं भिकार होतं हे कळलं की माणसाला उगाच शहाणं झाल्यासारखं वाटतं.

पण नुसतं हसणं फार लांब जात नाही. शेवटी डोळे ओले झाले, तरच लोक व्हिडिओ पुढं पाठवतात. हे सत्यमनं हेरलं होतं. आणि त्याच्याकडं मोठा भाऊ होता...

म्हणजे, नव्हता.

शिवम. एकोणिसाव्या वर्षी गेला. पडेगावच्या पुढं, दौलताबाद रोडला, बापाच्या मोटारसायकलवर. समोरून ट्रक. सत्यम तेव्हा दहा वर्षांचा. तो रडला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. लोक म्हणाले, पोरगं समजूतदार आहे. खरं तर त्याला काही वाटलंच नव्हतं. इतकी वर्षं ते दुःख नुसतं पडून होतं. पडून आहे तर वापरू, एवढाच त्याचा विचार.

त्यानं माळ्याला शिडी लावली, तेव्हा आई, द्वारकाबाई, खाली येऊन उभ्या राहिल्या.

"काढू नको ते."

"माय, एकदाच. लोकांना दादाची गोष्ट सांगतो."

"हसायला काढतोस. मला म्हाईत हाय तू मोबाइलवर काय करतोस."

"गेमला हसतो. दादाला नाय."

"त्यो गेम लई जपायचा त्यो. तुला हात लावू द्यायचा नाय."

"द्यायचा की. हॉर्न माझ्याकडं होता."

द्वारकाबाईंनी बादली उचलली. पाणी भरायला निघून गेल्या.

हा हॉर्नचा किस्साच व्हिडिओचा जीव होता. गेम गाडीचा, एकट्यानं खेळायचा. शिवम बाणाच्या बटणांनी गाडी चालवायचा आणि धाकटा शेजारी बसून भोकाड पसरायचा. मग शिवमनं त्याला एक बटण दिलं. एच.

"हॉर्न तुझ्याकडं. ट्रक आला की दाबायचा. तू चुकला की आपण मेलो."

"वाजत नाय की, दादा."

"स्पीकर कुठंय आपल्याकडं? त्या ट्रकवाल्याला ऐकू जातंय. तू दाब."

धाकटा जीव तोडून दाबायचा. चार वर्षांचा झाला, आठ वर्षांचा झाला, तरी दाबत राहिला.

त्या गेमला हॉर्न नव्हताच.

हे शिवमनंच सांगितलं, दोस्तांसमोर, पोट धरून हसत. सत्यम उठला. पुन्हा त्या खुर्चीत बसला नाही.

त्याच आठवड्यात शिवम गेला.

तर... कॉम्प्युटर चालू होईल असं सत्यमलाही वाटलं नव्हतं. झाला. त्यानं मोबाइल स्टँडवर लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं, गेम उघडला.

"बघा मंडळी, हा रस्ता. राखाडी पट्टी. हे ट्रक, काडेपेट्या. आणि हा आपला ड्रायव्हर, उघड्या गाडीत पाठमोरा बसलाय. डोकं म्हणजे नुसते काळे चौकोन..."

तो थांबला.

चौकोन काळे नव्हते.

करडे होते. मधले काही... पांढरे. डोक्याच्या मधोमध ते विरळ झाले होते आणि खालून कातडीचा रंग दिसत होता.

ग्राफिक्स जुने होतात. भिकार दिसायला लागतात. पण त्यांचे केस पिकत नाहीत.

"दोन भोवरे."

द्वारकाबाई दारात उभ्या होत्या. हातात बादली. पडद्यावरच्या त्या विरळ केसांत दोन भोवरे होते, शेजारी शेजारी. शिवमला होते तसे. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, असं म्हणून गल्लीतल्या बायका त्याला चिडवायच्या. दोन सोडा, पोराचं एकही झालं नाही.

"ह्याच्या बापाचं बी चाळिशीत असंच पडलं होतं टक्कल," त्या म्हणाल्या. पोरगा नोकरीच्या गावाहून आला असावा, अशा आवाजात.

सत्यमनं बाणाची बटणं दाबली. गाडी ऐकेना. ती आपली आपण चालली होती. समोरून एक काडेपेटी आली. सरळ. गाडी वळत नव्हती.

सत्यमनं ठरवलं नव्हतं. बोट आपोआप एचवर गेलं.

...आणि हॉर्न वाजला.

स्पीकर तेव्हाही नव्हता, आताही नव्हता. आवाज बारीक, चिरका. मोटारसायकलचा.

"आपल्या गाडीचा," द्वारकाबाई म्हणाल्या.

पडद्यावरची गाडी बाजूला झाली. ट्रक निघून गेला.

पडेगावच्या टपरीवाल्यानं अपघातानंतर सांगितलं होतं, पोरगा शेवटपर्यंत हॉर्न दाबत होता. वाजत नव्हता.

दुसरा ट्रक आला. सत्यमनं दाबलं. तिसरा. दाबलं. मग त्याच्यातला हिशेबी माणूस जागा झाला. नाही दाबलं तर काय होतं, बघू. त्यानं हात मागं घेतला.

पडद्यावरचं डोकं हललं.

हळूहळू वळायला लागलं... शेजारच्या सीटवरच्या माणसाकडं बघावं तसं. आधी कानाचा चौकोन दिसला. मग गालाचा...

द्वारकाबाईंनी सत्यमचा हात धरून बटणावर आपटला.

"दाब."

तेवढ्यात लाइट गेली. कूलर थांबला. गल्लीतल्या मोटारी थांबल्या. सगळीकडं एकदम शांत झालं...

पडदा चालूच होता.

दिवेलागणीपर्यंत सत्यमचं ते बोट बधीर झालं. त्यानं टाचणी टोचून पाहिली. काही नाही. त्याला फार नवल वाटलं नाही. बधीरपणा त्याच्या ओळखीचा होता.

"ऊठ," आई म्हणाल्या. "मला बसू दे."

त्याची बायको, अपेक्षा, पोरीला घेऊन बाजारातून आली तेव्हा दोघं तिथंच होते. ती दारातच थांबली.

"अहो, बंद कॉम्प्युटरसमोर काय बसलाय दोघं?"

"बंद कुठंय?"

"पडदा काळा आहे की." मग ती हळू आवाजात म्हणाली, "पण हॉर्न कोण वाजवतंय?"

मोबाइलमधल्या रेकॉर्डिंगमध्येही तेच. काळा पडदा, मायलेक आणि हॉर्न.

अपेक्षानं थोडे दिवस काढले. सासूला औषध दिलं, नवऱ्याला डॉक्टरकडं नेलं. नसेत काही दोष नाही, डॉक्टर म्हणाले. मग एका सकाळी लेक, राजनंदिनी, आजीच्या खुर्चीला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, आता हॉर्न माझ्याकडं?"

हे वाक्य तिला कुणी शिकवलं, ते घरात कुणालाच सांगता येत नाही. त्याच दिवशी अपेक्षा पोरीला घेऊन कन्नडला माहेरी गेली. अजून आलेली नाही.

व्हिडिओ कधी आला नाही. चॅनेल आहे तिथंच आहे. सत्यम कामावरून येतो, आई जरा आडव्या होतात तेवढा वेळ खुर्चीत बसतो. एकदाच, विषय नसताना, तो बोलून गेला, "मी दाबत होतो तोवर दादाला काय झालं नव्हतं." आणि चहा प्यायला लागला.

त्या गल्लीतून जाताना भर दुपारी तो हॉर्न अजून ऐकू येतो. माणूस सवयीनं बाजूला होतो. मागं वळून बघितलं तर... गाडी नसते.

उरला हिशेब. शिवमला वय मिळालं. आता सगळे चौकोन पांढरे झालेत म्हणे. द्वारकाबाईंना पोरगा मिळाला, उजवा हात कोपरापर्यंत बधीर झाला. भाकरी थापता येत नाही. धाकट्याला गप्प बसवायला केलेली एक थट्टा. ज्यानं केली, त्यानं आधीच भरलं. ज्याच्यावर केली, तो अजून भरतोय. आणि जिनं तो खेळ कधी धड बघितलाही नव्हता, ती माय दोघांचंही भरत बसलीय.