छताचा राहिलेला तुकडा

मरोळच्या त्या हार्डवेअरच्या दुकानात भाड्याने द्यायचा घोडा एकच होता. त्याचं एक टोक माझ्या हातात, आणि दुसरं एका अनोळखी मुलाच्या.

रंगाऱ्यांचा साधा लाकडी घोडा नाही हा. अ‍ॅल्युमिनियमचा, दोन माणसं उभी राहतील एवढी फळी, आणि चारही पाय वेगवेगळे ओढून लांब करता येणारे. मला छत रंगवायचं होतं, त्याला बोट. दुकानदाराने फोनवर दोघांनाही हो म्हणून ठेवलं होतं, आणि आता तो मान खाली घालून खिळे निवडत बसला होता.

"बोट काय उद्या बुडतेय?" मी विचारलं.

"नारळी पौर्णिमेला पाण्यात जातेय. तुझं छत कुठे पळून चाललंय?"

एक तर ओळख ना पाळख आणि सरळ अगं-तुगं. मी तिथेच भडकले. माझ्याकडे रविवारी पाहुणे आहेत, असं ठणकावून सांगितलं. कसले पाहुणे, ते मात्र गिळलं.

त्याचं नाव कृणाल. खारदांड्याच्या कोळीवाड्यातला. आई मरोळच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसते, तिला न्यायला तो रोज चारला टेम्पो घेऊन येतो. शेवटी तोडगा त्यानेच काढला. दुपारपर्यंत घोडा बोटीपाशी, चारनंतर तासभर माझ्याकडे, आणि शनिवारी संध्याकाळी दुकानात परत.

सोमवारी तो घोडा घेऊन वर आला आणि पहिल्यांदा आमच्या हॉलची फरशीच बघत बसला. ती गॅलरीच्या बाजूला उतरती आहे, हे मला सव्वीस वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. त्याने वाकून एकेक पाय वेगळा ओढला, कुठला चार बोटं, कुठला दोन. खटका बसल्याचा आवाज आला की पुढचा. मग फळीवर तळहात दाबून म्हणाला, "चढ."

मी चढले. तो खाली पाय धरून उभा. घोड्याचा पाय... पण त्याची बोटं माझ्या घोट्यापासून वीतभर अंतरावर होती, आणि माझा रोलर एकाच जागी फिरत राहिला.

मंगळवारी मी म्हटलं, "धरतोस कशाला? हलत नाही तो."

"नाही हलत?" तो वर बघून म्हणाला. "मला वाटलं हलतोय."

झालं, माझी वाट लागली. सकाळपासून घड्याळ बघायचं, तीन वाजताच केस बांधायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. टेम्पोचा हॉर्न ऐकला की गॅलरीत, आणि निघायचा भाजीवाल्याचा टेम्पो. बाबा एकदा म्हणालेही, की रंगाच्या कामाला काजळ कशाला लागतं. छत मात्र मी मुद्दाम हळू रंगवत होते. ते संपलं की घोडा जाणार, आणि घोड्याबरोबर तोही.

गुरुवारी चहा पिता पिता बाबांनी त्याला सगळं सांगून टाकलं. रविवारी ठाण्याचा सुयोग आमच्या नेत्राला बघायला येतोय, आपल्याच गावाकडची माणसं, मुलगा बँकेत आहे. म्हणून तर हे छत. कृणालने कप खाली ठेवला, छान म्हणाला आणि गेला. चहा अर्धा तसाच.

शुक्रवारी बेल वाजली. दार उघडेपर्यंत जिन्यावर फक्त पावलं. घोडा दाराशी उभा केलेला, माणूस नाही. मी चिडून पाय स्वतःच ओढले, एक चुकीचा बसला, फळी कलली आणि अर्धा डबा रंग फरशीवर. पुसता पुसता रडले. त्याचा राग आला होता, त्याहून जास्त स्वतःचा. तोंड उघडायला मला काय झालं होतं?

घोडा न्यायला तो आलाच नाही. शनिवारी रागाच्या भरात दुपारपासून सगळं छत संपवलं. एक तुकडा सोडून.

चारला तो आला. घोडा उचलायला वाकला आणि वर बघून थांबला. वरच्या रत्नप्रभाकाकूंच्या बाथरूमने गेल्या वर्षी दिलेला पिवळा डाग, बरोब्बर सोफ्याच्या वर.

"एवढं राहिलंय."

"माहितेय."

"उद्या पाहुणे तिथेच बसणार ना?"

"म्हणूनच," मी म्हटलं. "ते रंगवलं की घर तयार होतं, कृणाल. घोडा जातो. आणि तू... तू येत नाहीस. मला ते नकोय."

तो घोड्याच्या फळीवरून बोट फिरवत राहिला.

"बोट गुरुवारी सकाळीच पुरी झाली," तो म्हणाला. "तेव्हापासून मी नुसताच घोडा टेम्पोत घालून आणतोय."

"मग काल दारात टाकून का पळालास?"

"तू दुसऱ्या कुणासाठी छत रंगवणार आणि मी खाली धरून उभा... नाही जमलं गं मला. तू आवडतेस, नेत्रा."

मागे टीव्ही बंद झाला. बाबा खोलीच्या दारात उभे होते. आता गप्प बसले तर कायमची बसले असते.

"बाबा, उद्या नको. ठाण्याच्या लोकांना कळवूया. त्यांना फसवायला नको."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मोबाईल घेतला आणि गॅलरीत गेले. दार लावून घेतलं. काचेतून फक्त त्यांची पाठ दिसत होती. ते बराच वेळ बोलले, मग फोन ठेवूनही तिथेच उभे राहिले. आम्ही दोघं घोड्याच्या दोन टोकांशी, पहिल्या दिवसासारखे.

ते आत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. सरळ सोफ्यापाशी जाऊन त्यांनी डागाकडे मान वर केली. बाबा मनापासून बोलतात तेव्हा मालवणीतच.

"आता ह्यो डाग कशाक ठेवलास?"

"बाबा..."

"श्रावण सरलो की ह्या कृणालची माणसां येतली. तेंका ह्यो दिसलेलो बरो काय? चढा दोघांव."

कृणालने एकेक पाय ओढला. यावेळी एक खटका त्याला दोनदा बसवावा लागला. आम्ही दोघं फळीवर चढलो, खांद्याला खांदा लागला, आणि बाबा पुढे येऊन घोड्याचा पाय घट्ट धरून उभे राहिले.

तो हलत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.