किल्ली काढल्यावर

"मॅडम, तुमचा कॅमेरा खोटारडा आहे!"

चोराच्या उलट्या बोंबा, मी मनात म्हटलं. बस चालवताना ड्रायव्हरची नजर खाली मोबाइलकडे वळली की पीं पीं करणारा हा कॅमेरा, आणि त्याला शिकवणारी मी. डेपोच्या रिकाम्या मैदानात चाचणीसाठी हा ड्रायव्हर मिळाला होता, आणि कॅमेरा त्याच्यावर सारखा ओरडत होता.

"फोन कुठाय?"

"पिशवीत. किल्ली लावली की पिशवीत. आईचा आला तरी घेत नाही... मग घरी जाऊन बोलणी खातो."

मला हसू आलं, पण क्षणभरच. उद्या डेपोचे साहेब चाचणी बघणार. उगाच बोंबलणारा कॅमेरा कोण घेईल? वर्षभराची मेहनत पाण्यात!

संध्याकाळी मी सगळं चित्रीकरण पाहिलं. दर पीं-च्या आधी त्याची नजर गिअरच्या बाजूला खाली वळत होती. तिथे फोन नव्हता. तिथल्या बुटक्या सीटवर लॅपटॉप घेऊन मी बसायचे. मी एकटीच लाजले.

सकाळी त्याला गाठलं. "कॅमेरा खरं बोलतो. लक्ष कुठे असतं तुमचं?"

"गिअरकडे..."

"गिअरपाशी कोण बसतं?"

त्याचे कान लाल झाले. स्वच्छ असलेलं स्टिअरिंग तो पुन्हा पुसायला लागला. "चुकलंच माझं. रस्त्यावर असतो तर..."

"म्हणून आज मी खालीच थांबणार."

साहेब बसमध्ये चढले. मी कुंपणापाशी नखं खात उभी. एक फेरी, दुसरी फेरी, कॅमेरा गप्प. शेवटी ठरल्याप्रमाणे त्याने फोन म्हणून मांडीवर ठेवलेल्या साबणाच्या डबीकडे पाहिलं. खरा फोन धरायला तो तयारच नव्हता! पीं पीं! साहेब हसत उतरले. "घेऊ या सगळ्या गाड्यांना."

मला नाचावंसं वाटलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. समोर, उभ्या बसच्या खिडकीत तो... एका हातात फोन, दुसऱ्या हातात किल्ली.

"किल्ली काढलीय. आता बघू का तुमच्याकडे?"

"बघा की."

"मला तुम्ही फार आवडता... पण आता मागेच बसणार ना?"

"मागेच. लॅपटॉप मागच्या सीटवरही चालतो," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून चालत होता."