सुनेचा रिपोर्ट

"सुनेचं लग्नाआधीचं सगळं खणून काढा," म्हणत शिंपीणबाईंनी दोन रिपोर्ट खासगी गुप्तहेर वहिनींच्या टेबलावर ठेवले.

हिपॅटायटिस बीच्या विषाणूनं त्यांच्या थोरल्या मुलाचं यकृत पार आकसून गेलं होतं. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. सुनेच्या रिपोर्टवरही 'पॉझिटिव्ह'. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. आजार तिनंच घरात आणला, पुरावा मिळाला की तिला बाहेर काढायचं, असं बाईंचं ठरलं होतं.

वहिनींच्या कामात मदत करणाऱ्या त्यांच्या दिरांना, निवृत्त पोस्टमास्तर भावोजींना, यात शोधण्यासारखं काही दिसेना. वहिनी पूर्वीच्या परिचारिका. त्या मात्र रिपोर्ट ओळ न ओळ वाचत राहिल्या.

सून तुटक बोलली. कामावर लागताना सगळ्यांना तीन सुया टोचल्या होत्या, एवढंच तिनं सांगितलं. ही काहीतरी लपवतेय, असं भावोजींच्या मनानं घेतलं. थोरला तर तिच्याकडे बघतही नव्हता.

शिंपीणबाईंचा परगावी राहणारा धाकटा मुलगा आला. गुप्तहेर वहिनींच्या सांगण्यावरून त्यानं तपासणी करून घेतली, तर त्याच्याही रक्तात तोच विषाणू. भावजयीला तो फक्त लग्नात भेटला होता. शेंडेफळ बहीण मात्र निरोगी. दोन्ही मुलगे घरीच झाले, मुलगी तेवढी दवाखान्यात, असं शिंपीणबाई सांगत होत्या. तिथं पहिल्याच दिवशी बाळाला सुई टोचली म्हणून त्या नर्सशी भांडल्याही होत्या. स्वतःच्या तपासणीचा विषय निघताच म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय?"

दुसऱ्या दिवशी वहिनींनी सगळ्यांना शिवणाच्या खोलीत बसवलं.

"सुनेच्या रक्तात विषाणू नाहीच. कामावर लागताना टोचलेल्या त्या तीन सुया लसीच्या; त्या लसीमुळे आलेलं संरक्षण आहे, पॉझिटिव्ह ते आहे. शिवाय यकृताची अशी दशा व्हायला कित्येक वर्षं लागतात."

"मग धाकट्याला कुठून आला?" भावोजींनी विचारलं.

"थोरल्याला आला तिथूनच. बहीण याच घरात वाढली, तरी सुटली. तिला जन्मताच लस मिळाली, भावांना नाही. बाळंतपणात हा विषाणू आईकडून बाळाकडे जातो, भावोजी. आई वरून धडधाकट दिसत असली तरी."

शिंपीणबाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच..."

"यात तुमचा दोष नाही. तुम्हाला तरी कुठून लागला, कोण सांगणार? पण तपासणी करा. औषधांनी याला आवर घालता येतो."

शिंपीणबाई उठल्या, बाही वर सारली आणि सुनेपुढे हात धरला. "तूच काढ माझं रक्त."

सून त्या हाताकडे बघत राहिली.

"उद्या आठला प्रयोगशाळेत जायला निघते मी," ती म्हणाली. "माझ्याबरोबरच चला."